काकू, आग आली

५ मे

काल दुपारी काकू गेली.

काकू म्हणजे माझी आई. हे मला जन्मभर लोकांना समजावून सांगावं लागलं आहे, इथेही एकदा सांगून मोकळी होते. जिने मला जन्म दिला तिला मी बोलायला लागल्यापासून 'काकू' म्हणत आले, कारण तिने मला तेच शिकवलं. बाप तमिळ, आई कँटोनीज, मुलगी बापाच्या रंगावर गेलेली. मलेशियातल्या इपोच्या बाजारात गोऱ्यापान चिनी बाईचं बोट धरून एक काळी पोर चालली आहे आणि तिला 'मा' म्हणते आहे, हे कुणाच्या कानावर पडू नये, एवढीच तिची इच्छा. एकदा मी चुकून 'मा' म्हटलं तर तिने तोंडावर हात दाबला होता. माशांचा वास येत होता त्या हाताला.

घरासमोर मांडव घातला आहे. डावीकडे मेंगलेंबूची मंडळी, म्हणजे आईचं माहेर, शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया फोडत बसलेली. उजवीकडे आमच्या बुंतोंगच्या गल्लीतल्या तमिळ बायका, जिने चाळीस वर्षं त्यांचे ब्लाउज शिवले तिच्यासाठी मोगरा घेऊन. मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेतून चहाचा ट्रे घेऊन मी.

एका चिनी म्हातारीने मला थांबवलं. "म्हातारीकडे तूच होतीस का कामाला?"

"हो."

"किती वर्षं?"

"त्रेपन्न."

"अगं बाई. पगार तरी बरा द्यायची का?"

"पगार नव्हता. जेवूनखाऊन होते."

तिने माझ्या दंडावर थोपटलं आणि बियांची एक मूठ दिली.

सगळी सूत्रं मावशीच्या हातात. मावशी आईची थोरली बहीण, एक्याऐंशीची, आवाज मात्र लिलावात बोली लावणाऱ्याचा. तिचा मुलगा केओंग साठीला आला तरी तिला 'ताई' म्हणतो. मावशीला म्हातारं दिसायचं वावडं. या घराण्यात आई होणं सोपं, आई म्हणवून घ्यायला सगळ्यांचा नकार.

तिला वर पोचावं म्हणून जाळायला कागदाचं दुमजली घर आलं आहे, सोबत कागदाच्या दोन मोलकरणी. दोघी माझ्यापेक्षा गोऱ्या.

७ मे

स्मशानात भटजींनी हातात माईक घेतला. ताओ पंथाचे भटजी, पायात स्पोर्ट्‌सचे बूट. शवपेटी भट्टीच्या तोंडाशी आली की घरच्यांनी मोठ्याने सांगायचं असतं, आई, आग आली, पळ. नाहीतर जीव आत झोपून राहतो आणि भाजतो. केओंगने ओरडून सांगितलं, "मावशी, आग आली, पळ." त्याच्या बायकोने सांगितलं. मावशीने तर अशी किंकाळी फोडली की शेजारच्या भट्टीजवळचे लोकही दोन पावलं मागे सरले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोटची एकुलती एक मीच.

मावशीने कोपर खुपसलं. "म्हण. आता 'मा' म्हण. आता काही होत नाही."

काही होत नाही. म्हणजे आता लाज वाटायला ती उरली नाही, आता म्हणायला हरकत नाही. मेल्यावर मिळालेली सवलत. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. पेटी आत गेली, दार खाली आलं.

परतताना गाडीत मावशी म्हणाली, "गोठ्याला आग लागली तर माणूस गाढवालासुद्धा हाकलतो."

माझं उत्तर कविता होऊन येतंय हे तेव्हाच कळलं होतं. मला आतून थोडा आनंदही झाला. तोही लिहून ठेवते.

१० मे

पहिला आठवडा. आज मेलेलं माणूस घरी येऊन जातं म्हणतात. मावशी सकाळीच वाफवलेला मासा आणि कॉफीची किटली घेऊन आली, जमिनीवर पीठ पसरलं, म्हणजे पाऊल उमटलं तर दिसेल. मी म्हटलं, "मुंग्या होतील." ती म्हणाली, "होऊ देत. मुंग्या तरी येतील तिला भेटायला." आणि गेली.

मी टेबलाशी बसले. कविता एका बैठकीत आली. शेवट असा:

*बाजारात मी तुझं बोट धरलं
आणि तू माझ्या तोंडात एक शब्द ठेवलास,
परका, न चावता गिळायचा.
ज्या हाकेने सगळ्या गल्लीतल्या आया
आपापल्या दारात येतात,
ती माझ्या वाट्याला आली नाही.
आज भट म्हणाला, हाक मार.
तू शिकवलं होतंस तसंच केलं:
लोकांदेखत गप्प राहिले.*

चांगली आहे. मी तीस वर्षं रविवारच्या पानात नगरपालिकेची, मंत्र्यांची आणि लग्नाच्या जेवणांची टर उडवत आले. लोक रस्त्यात भेटले की मी काही बोलायच्या आधीच हसतात. कवयित्री म्हणून कुणी एकदा तरी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघावं, एवढी एकच हाव माझ्यात शिल्लक होती. ती भागायला आईला मरावं लागलं.

पिठावर पाऊल नाही. मुंग्या आल्या.

१८ मे

नदीनला कविता पाठवली होती. तिचा दोन तासांत फोन. नदीन क्वा क्वालालंपूरला कवितांची पुस्तकं काढते. मेलबर्नहून शिकून आली. वडील चिनी, आई चिनी, चारही आजी-आजोबा चिनी, आणि मिश्र वंशाच्या माणसांच्या दुःखाबद्दल तिला अनावर कळकळ.

"मी रडले," ती म्हणाली.

"एखाद्या मासिकात छापून येईल ना?"

"मासिक कसलं, पुस्तक करतेय. हिच्याभोवती. आणखी पंचवीस दे. तुझ्याकडे असतीलच."

आहेत. तीस वर्षं कुणी मागत नव्हतं म्हणून पडून होत्या. पुस्तकाचं नाव कवितेचंच, 'काकू'. तिने मुखपृष्ठ आधीच मनात काढून ठेवलं आहे: मोगऱ्याचा गजरा आणि लाल कंदील, एकमेकांत गुंतलेले. मी म्हटलं, त्यात डोसाही घाल. ती हसली नाही. म्हणाली, "तू विनोदामागे लपतेस."

पुस्तक येतंय. हे वाक्य मी पुन्हा लिहिते. पुस्तक येतंय.

२६ मे

मावशी आली आणि शिलाईयंत्राकडे बघत उभी राहिली. मला वाटलं मागणार. मागितलं असतं तर मी दिलं नसतं, म्हणून मी आधीच म्हटलं, "ते माझं आहे."

"तुला दोरा ओवता येत नाही."

"तरी माझं."

"तुझंच आहे. मी तेल घालायला आले. गंजेल." पिशवीतून खरंच तेलाची बाटली काढली.

वाकून तेल घालताना म्हणाली, "ती गेली तेव्हा काही म्हणाली का?"

"पाणी मागितलं."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काकू, थांब, आणते."

मावशीचा हात थांबला. "शेवटपर्यंत काकू."

"तुमच्याच घरची रीत."

"रीत," ती म्हणाली, आणि इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली की तेल खाली सांडलं. ते पुसायला मला लावलं.

ही बाई मला लहानपणापासून आवडली नाही. आमच्याकडे आली की माझी हनुवटी धरून, तोंड उजेडाकडे वळवून बघायची आणि म्हणायची, "आहे, ठीक आहे." बाजारात पपईसुद्धा लोक जास्त मायेने बघतात. 'हनुवटी' नावाची कविता लिहिली. पुस्तकात जाते आहे.

१ जून

पुस्तक बाहेर पडायच्या आधी कवितावाचन, आठ तारखेला, जुन्या शहरात एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर. नदीनने भिंतींवर कागद लावलेत: 'आईविषयी, रक्ताविषयी, रंगाविषयी'. केओंगने कुठेतरी पाहिलं आणि फोन केला. "आईवर कविता केलीस म्हणे. आम्ही येतो. ताई म्हणते, निदान तिथे तरी चार शब्द बोलेल."

मी म्हटलं इंग्रजीत आहे, त्यांना कळणार नाही. तो म्हणाला, मी सांगेन ना कानात.

येऊ देत. ऐकू देत. मी काही त्यांच्या आशीर्वादाने लिहीत नाही.

८ जून

आले. पहिल्या रांगेत बसले. मावशीने खास रेशमी सदरा घातला होता, लग्नाला घालतात तसा. सोबत मिठात भाजलेली कोंबडी, कागदात गुंडाळलेली, आयोजकांना द्यायला. सगळ्या माडीला तिचा वास. माझ्याआधी एका तरुणाने आपल्या दोन आडनावांवर अकरा कविता वाचल्या, त्या सगळ्या त्या वासात.

मग मी. 'काकू' वाचायला घेतली. माडी गप्प. फक्त केओंगचा आवाज, कँटोनीजमध्ये, दोन ओळी मागे. केओंगला कानात बोलता येत नाही, सबंध आयुष्य त्याने टायरच्या दुकानात काढलं आहे. माझी कविता संपली, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत त्याचं शेवटचं वाक्य येऊन पडलं: "म्हणते, मावशीला हिच्या रंगाची लाज वाटायची, म्हणून काकू म्हणायला लावलं."

मावशी उठली. "कुणाला लाज वाटायची?"

"ताई, खाली बस."

"तू गप्प बस. ए बये, तुला सांगते. तुझे ग्रह तिला धार्जिणे नव्हते. तू 'आई' म्हटलंस की तिचा जीव जाणार, असं ज्योतिषाने सांगितलं होतं. म्हणून काकू. म्हणजे दैवाला वाटावं, ही पोर दुसऱ्या कुणाची तरी आहे. यात रंग कुठून आणलास तू?"

माडीवर निम्मे लोक चिनी. म्हातारे होते ते मान डोलवायला लागले. मागून एक काका म्हणाले, "मी बापाला शेवटपर्यंत 'काका' म्हटलं. ब्याण्णवपर्यंत जगला." कुणीतरी हसलं.

"आणि हा," मावशीने केओंगच्या डोक्यावर टपली मारली, "हा मला ताई का म्हणतो, असं वाटलं तुला?"

"तुम्हाला तरुण दिसायची हौस म्हणून."

आता सगळी माडी हसली. हशा माझ्या बाजूचा होता, मला त्याची ओळख आहे. मी तो तसाच पकडून ठेवला. म्हटलं, "मावशी, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत. हात वर करून विचारायचं."

आणखी हशा. मावशी उभी राहिली होती, ती तशीच जिन्याकडे गेली. केओंग मागे. कोंबडी राहिली.

नदीन माझा हात धरून म्हणाली, "किती जिवंत होतं हे. दोन स्मृतींची झुंज. प्रस्तावनेत घेऊ या का?"

कोंबडी आयोजकांनी खाल्ली. मला मांडी दिली. मी घेतली नाही.

९ जून

रात्रभर झोप नाही, कारण राग. त्रेपन्न वर्षं कुणी एक शब्द बोललं नाही आणि भर सभेत, मेलेल्या बहिणीला धुऊनपुसून उभी करायला, एक ज्योतिषी काढला. सोयीचा आहे. मेलेल्या ज्योतिषाची साक्ष काढायला कोण जातंय.

अप्पांना, म्हणजे वडिलांना, मी दहा वर्षांची असताना विचारलं होतं, ती मला काकू का म्हणायला लावते. अप्पा रेल्वेत तिकिटं द्यायचे, खिडकीतून मागतील तेवढंच द्यायची सवय. म्हणाले, "तिच्याकडच्यांचं तसंच असतं. सोड." मान वर न करता म्हणाले. मी त्यातून समजायचं ते समजले. त्यांनीही तेच समजून घेतलं असणार. बिचारे त्यातच गेले.

संध्याकाळी चौथ्या घरातल्या लिमकडे अंडी आणायला गेले. त्यांचा थोरला बापाला 'अंकल' म्हणून हाक मारतो. मी आजवर त्याला सावत्र बाप समजत होते. म्हटलं, विचारून टाकावं.

"सावत्र? छे. याच्या जन्माला मला गाडीने उडवलं होतं ना. मग हाक बदलली." लिम अंडी मोजत म्हणाला, जणू मी दाराचा रंग का बदलला असं विचारलं होतं.

अंड्यांतलं एक फुटलेलं निघालं. परत जाऊन भांडले.

१२ जून

मेंगलेंबूला गेले. भांडायलाच गेले. मावशी टीव्हीसमोर शेंगा सोलत होती. आवाज कमी केला नाही, बस म्हणाली नाही. मी बसले.

"ज्योतिषाकडे कोण गेलं होतं?"

"आमची आई."

"पैसे तिने दिले?"

"मग काय तुझ्या बापाने?"

"म्हणजे आजीला काळी नात नको होती, आणि तिने ज्योतिषाकडून हवं ते वदवून घेतलं."

वाटलं होतं, आता चिडेल. तिने एक शेंग फोडली. "असेल. म्हातारीला नकोच होतीस तू. ती म्हणायची, ही पोर घरात राहिली तर घर बुडेल. काम्पारला एक जोडपं बघून ठेवलं होतं, पोरबाळ नसलेलं. देऊन टाक म्हणाली. कापडंसुद्धा बांधून ठेवली होती तुझी."

टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या थोबाडीत मारली.

"मग?"

"मग तुझी आई ज्योतिषाकडे एकटी गेली. त्याला म्हणाली, द्यायची नाही, दुसरा उपाय सांग. तो म्हणाला, मग तिच्या तोंडून कधी आई म्हणवून घेऊ नकोस. ही म्हणाली, चालेल. एवढंच ना, चालेल." मावशीने टरफलं गोळा केली. "म्हातारीचं मन काळं होतं, मी कुठे नाही म्हणते. त्यावर कविता कर की. मी येऊन टाळ्या वाजवीन. पण तू बहिणीवर केलीस."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या चिनी पोराला बसवून सांगावं लागतं?"

"मी चिनी नव्हते."

मावशीने पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज बंद केला. चेहरा हिशेब चुकल्यासारखा.

"तेच," ती म्हणाली. "आम्ही विसरलो."

मी समोरची एक शेंग उचलून सोलली. धंद्याने मी उत्तर देणारी बाई आहे. त्या लोकांनी माझा रंग क्षणभरही विसरू नये, या एका गोष्टीवर माझं अर्धं पुस्तक उभं आहे.

निघायला उठले. उगाच, काहीतरी टोचावं म्हणून म्हटलं, "मग जन्मभर? दैवाची मुदतबिदत काही नव्हती?"

"होती की. सोळा. सोळा पूर्ण झाली की पोर मोठी, मग ग्रहाचं चालत नाही. तुझ्या सोळाव्याला तिने अख्खी कोंबडी केली होती, डोक्यापायांसकट. मला बोलावलं. तुझ्या बापाला लवकर यायला सांगितलं. तू बसलीस, मांडी खाल्लीस, आणि म्हणालीस, काकू, निघते, सिनेमाला उशीर होतोय."

"मग?"

"मग काय. तू सिनेमाला गेलीस. आम्ही उरलेली कोंबडी खाल्ली."

"तिने सांगायचं होतं."

"काय सांगायचं? मला आई म्हण? भीक मागायची?" मावशीने आवाज पुन्हा चालू केला. "ती म्हणाली, म्हणेल हळूहळू. तोंडाला सवय आहे. पुढच्या वर्षी पुन्हा केली कोंबडी. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग तू कॉलेजला गेलीस."

दारापर्यंत आले तेव्हा पाठीमागून, "चप्पल उलटी घातलीस, शहाणे."

१३ जून

तो सिनेमा मला आठवतो. शेजारी मैत्रीण ईश्वरी होती, माझ्या खुर्चीची गादी फाटलेली, मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी सांडली. नायकाच्या शर्टाचा रंगसुद्धा सांगते. कोंबडी आठवत नाही.

मी अपमान विसरत नाही, त्यावरच पोट भरते. तर मग कोंबडीत अपमान नव्हता म्हणून आठवत नसेल.

यात माझी चूक काय? चौदाव्या वर्षी मी ठरवलं होतं की आता हिने स्वतः 'मा म्हण' म्हटलं तरी म्हणायचं नाही. मला माहीत नव्हतं. ते माहीत नसलेल्या माणसाने ठरवलेलं होतं. ती समोर उभी राहून ताट वाढायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची, ही तिची सवय होती, मला वाटायचं मीठ बरोबर आहे का बघते. मी सांगायची, मीठ बरोबर आहे.

१७ जून

नदीनला फोन केला. 'काकू' ही कविता काढून टाक म्हटलं.

"पण भावना खरी आहे ना?"

"भावना खरी होती. माहिती खोटी होती."

"कविता म्हणजे काही बातमी नव्हे, तिलगा."

"पसरते मात्र बातमीसारखीच. वाचेल तो म्हणणार, पोटच्या पोरीला नाकारणारी चिनी बाई. ती काही उठून सांगायला येणार नाही."

नदीनचा आवाज एकदम मऊ झाला, विक्रेत्याचा होतो तसा. "मग हे लिही ना. तुला माहीत नव्हतं, तेच लिही. ती वाट बघत होती, ते. अगं, हे तर कितीतरी मोठं आहे. मला आत्ताच काटा आला."

"कळलं मला. ते याहून जास्त खपेल."

"मग?"

"म्हणूनच नको."

"त्या कवितेशिवाय पुस्तक उभं राहत नाही."

"मग बसू दे त्याला."

ती म्हणाली, मी भावनेच्या भरात आहे, आठवड्याने बोलू. मी म्हटलं, आठवड्याने माझा आवाज असाच असेल. 'हनुवटी'ही काढ म्हटलं. तिने विचारलं, ती का? मी म्हटलं, यमक जमलेलं नाही. तिच्यात यमक नाहीच. मग तिने फोन ठेवला.

तर पुस्तक नाही. मुखपृष्ठ भिकार होतं, मोगरा आणि कंदील. कागदही हलका वापरतात ते लोक. रविवारच्या पानासाठी नगरपालिकेच्या नव्या कारंज्यावर लिहिलं, ते उडत नाही, नुसतं ठिबकतं. संपादक म्हणाला, खूप हसलो.

मावशीला यातलं काही सांगणार नाही. तिला जिंकल्यासारखं वाटेल.

२१ जून

सातव्या आठवड्याचा शेवटचा विधी. यानंतर ती पुढच्या मुक्कामाला. देवळाच्या मागच्या दालनात टेबल मांडलं होतं: वाफवलेला मासा, भाजलेलं डुकराचं मांस, कॉफी, भात. बुंतोंगच्या दोघी तिघी आल्या होत्या, यावेळी डावीकडेच बसल्या, उजवीकडे पंखा बंद होता म्हणून. मावशी माझ्याशी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलली.

"पोरीने जेवायला बोलवायचं असतं. यावेळी तोंड मिटून उभी राहिलीस तर चप्पल काढीन."

भटजींनी घंटा वाजवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

उभी राहिले. 'काकू' म्हणायला तोंड उघडलं, पण त्या शब्दाचं काम केव्हाच संपलं होतं, मलाच ठाऊक नव्हतं. 'मा' तर मी कधी वापरलेला नाही. या वयात, या सगळ्यांच्या समोर, पहिल्यांदा वापरून बघायचा म्हणजे दुसऱ्याचं कापड अंगावर चढवल्यासारखं. भटजींनी पुन्हा घंटा वाजवली. केओंग खोकला.

"ये, जेव," मी म्हटलं. "मासा गार होतोय."

मावशी कानाशी आली. "ही काय हाक झाली? नाव नाही, नातं नाही. तिला कळणार कसं, कोण बोलावतंय?"

"कळेल. तिच्याशी असं बोलणारी मी एकटीच होते."

भटजींनी दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला तर मेलेलं माणूस आलं, असं धरतात. दोन्ही काटे पडले. आली नव्हती. मावशीने मला जळजळीत नजरेने पाहिलं. "बघितलंस? पुन्हा बोलाव. नीट बोलाव."

मी टेबलाजवळ गेले. भाताच्या वाटीसमोर तिचा फोटो होता, ब्लाउज शिवताना घालायची तो चष्मा लावलेला. माझ्या तोंडाकडे बघत होती. मला भयंकर राग आला.

"आता किती वाट बघायला लावणार आहेस?" मी म्हटलं.

दालन मोठं आहे, माझा आवाज भिंतीवरून परत आला आणि मला तो तिच्यासारखा ऐकू आला.

भटजींनी वाकून नाणी पुन्हा उचलली.